पत्र्याच्या पेटीतली बिलं

मु. पो. घोटावडे, ता. मुळशी
दि. २० एप्रिल २००५

ती. दाजींच्या चरणी जयसिंगचा दंडवत.

हितं समदी बरी हायेत. आईचा गुडघा धरलाय, पर हिरीला पाणी हाय. आक्का शुगरच्या गोळ्या घेती का, का फडताळातच ठिवती?

तुमी फोन ठिवून देता, म्हणून लिवतोय. समोर यायला तोंड न्हाई.

टँकरचा चेक काल आला. चार महिने कंपनीच्या नव्या शेडला पाणी टाकलं, त्याचा. एक रुपाया कमी न्हाई.

ते काम तुमीच मिळवून दिलं हुतं. तुमी स्टोअरात, दर खेपेला माझ्या चलनावर सही करायचा. मी घरी येऊन बिलबुकातनं बिल फाडायचो अन् पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावायचो. तुमी तीनदा म्हणाला, "जयसिंग, बिलं जमा कर." मी आपलं "व्हय, व्हय." कुटं जमा करायची, हे इचारायची लाज वाटली. गावात शहाणा म्हणवून घेतो ना!

आमच्या आण्णांनी रस्त्याकडच्या रानाच्या खरेदीखतावर आधी अंगठा दिला अन् मग पैशासाठी दोन वर्सं पुण्याला हेलपाटे घातले. मरताना सांगून गेले, पैसं हातात पडल्याबिगर कागद सोडायचा न्हाई. मला वाटलं, बिल म्हंजे तसलाच कागद. तुमी परत परत मागाय लागला, तवा खरं सांगतो दाजी, तुमच्यावरचाच इस्वास उडाला.

माघातल्या जत्रेचं लिवायला हात हुईना. पर लिवतो. भरल्या पंगतीत मी म्हणालो, "दाजी, माझं टँकरचं पैसं तुमी खाल्लं." आक्का माझा दंड धरून म्हणत हुती, "आरं गप, लोक बघत्यात." तुमी ताट तसंच ठिवून उठला.

बोलणं कंपनीपतुर गेलं. गेटवर आता रोज तुमचा डबा उघडून बघत्यात, असं बहिरू सांगत हुता. तो तितंच वॉचमन हाय, त्यालाच उघडाय लावत्यात.

जत्रेनंतर आठवड्यानं मी तावातावानं कंपनीत गेलो. अकाउंटमधी क्षितिजा म्हणून एक पोरगी हाय, परभणीकडची. ती म्हणाली, "काका, बिलं कुठंयत? चलन म्हणजे पाणी पोचलं, एवढंच. बिल आमच्याकडे जमा झालं की त्या तारखेपासून पंचेचाळीस दिवसांनी चेक. हे बघा, ऑर्डरवर लिहिलंय. खाली सही तुमचीच आहे ना?"

सही माझीच. लई झोकात केलेली. तशीच गाडी फिरवली, पेटी उचलून आणली. पोरीनं एकेक बिल सरळ केलं अन् पोच दिली. पाणीबी पाजलं. मी मान वर केली न्हाई.

ती पोच पाच मार्चची हाय, दाजी. म्हंजे तुमचा काय गुन्हा न्हाई, हे मला तवाच कळलं हुतं. तरी पंचेचाळीस दिवस गप ऱ्हायलो. म्हणलं, चेक येतोय का बघू, मग माफी मागू. माफीबी पैसं हातात पडल्यावर! जत्रेत बोललो त्याच्याहून याची मला जास्त लाज वाटती. तवर तुमचा डबा रोज उघडला जात हुता.

आज सकाळी मॅनेजरसायबाला लिवून दिलं, जनार्दनरावांनी एक पैसा घेतला न्हाई, चूक माझी. सायेब हासले. हासू देत. बहिरूला म्हणालो, आता डबा उघडलास तर बघ.

रेश्माचं लगीन आठ मेला हाय, हे बहिरूच्या घरी पत्रिकेत वाचलं. आमच्याकडं पत्रिका न्हाई आली, ते रास्तच हाय. पर भटजी "मामा, मुलीला आणा" म्हणंल, तवा कोण उठंल? तिला मी एकटाच मामा हाय. एवढुशी हुती तवा टॅक्टरवर मांडीत बसवून धरण दावायला नेली हुती. वाटंत झोपली, धरण काय बघितलंच न्हाई.

तुमी बोलवायचं का न्हाई, हे माझ्या हातात न्हाई. तरी ह्यो कागद मी आधी सोडतोय. आठ तारखेला अंघोळ करून, फेटा बांधून घरीच बसन. सांगावा आला तर पायात चपला घालायलाबी थांबणार न्हाई.

तुमी म्हणाल तर रेश्माचा मामा,
जयसिंग