एकाच गोळीची दोन नावं

भडगाव

प्रिय दिपू,

तुझा फोन आला की मी 'सगळं ठीक आहे' म्हणून ठेवून देतो आणि तू चिडतेस. काय करणार, मेडिकलवर गिऱ्हाईकं कान टवकारून उभी असतात. म्हणून आज निवांत लिहायला बसलो.

तुझी अक्का आत्या आता बरी आहे, हे आधी सांगतो. गेल्या महिन्यात भरताची वांगी भाजता भाजता भोवळ येऊन पडली. तुला कळवू दिलं नाही तिनं. झालं असं की धुळ्याच्या डॉक्टरांनी तिला ब्लडप्रेशरची एक गोळी लिहून दिली होती, इथल्या डॉक्टरांनी दुसरी. कंपन्या दोन, नावं दोन, रंगही दोन, आत औषध मात्र एकच. धुळ्याची पाकिटं भाचा परस्पर आणून द्यायचा, त्यामुळे मला पत्ता नव्हता. ही बाई दोन्ही घेत होती. मी रागावलो तर मलाच म्हणते, "दोन्ही डाक्टरना मान राखाले नको का?"

डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव लिहायचं, पाकिटावरही तेच ठळक छापायचं आणि दुकानदारानं त्यातलं स्वस्तातलं द्यायचं, हा नियम तुमची दिल्लीची समिती देशभर आणू पाहते आहे, हे मी पेपरात वाचलं होतं. माझ्यातला दुकानदार कुरकुरला होता, खोटं कशाला बोलू. पण अक्काच्या उशाशी बसलो तेव्हा तुझ्या कामाचं मोल कळलं.

तेव्हापासून मी स्वस्तातली औषधं पुढं मांडली आहेत. पण तुम्हाला दिल्लीत वाटतं तितकं हे सोपं नाही हो बाई. आपल्याकडे स्वस्त म्हटलं की हलकं. आपलं नेहमीचं गिऱ्हाईक भिकन तर गोळी उलटीपालटी करून म्हणाला, "आबा, इतली स्वस्त शे, गुन येई का?" मग मी माझी स्वतःची ब्लडप्रेशरची गोळी घरी न घेता काउंटरवर घ्यायला लागलो, स्वस्तातलीच, सगळ्यांच्या देखत. आता सकाळी शटर उघडायच्या आधीच ताजबी चाची आणि चारदोन जणी हजर असतात. मी गिळली, पाणी प्यालो, की मगच त्या आपली मागतात. तुझी आई म्हणते, या वयात तमाशा सुरू केलाय. पण माणसं घेऊ लागली आहेत, दिपू, आणि महाग पडतात म्हणून मधेच गोळ्या बंद केलेलेही परत आले आहेत. मला फार बरं वाटतं.

येत्या रविवारी धुळ्याला औषध दुकानदारांची सभा आहे, तुमच्या नियमाला विरोध करायला. समितीतल्या डॉक्टरीणबाईंचा बाप म्हणून मला पुढं बसवणार आहेत. मी जाणार आहे आणि उभा राहून तुझ्या बाजूनं बोलणार आहे. आपल्या जावयानं, स्वप्नीलनं, मला सांगितलं, बापाच्या पोटावर पाय नको म्हणून तू राजीनामा लिहून ठेवला आहेस. बाळा, ऐकून डोळ्यांत पाणी आलं आणि तुझा रागही आला. दुकानाची मिळकत थोडी उतरेल, उतरू दे. आम्हा म्हाताऱ्यांना लागतं किती? तो राजीनामा हे पत्र मिळताच फाडून टाक. अक्का शेजारीच बसली आहे, तिचा निरोप तिच्याच शब्दांत देतो: "दिपूले सांग, गोयी एकच शे, मंग नाव बी एकच पाहिजे. काम अर्धं सोडू नको."

तुझाच, आणि सभेतही तुझ्याच बाजूचा,
आबा