पाळीवरची गर्दी

६ जानेवारी २०२५
आजपासून नोकरी! आम्हा मायलेकांच्या फुलचूरच्या खोलीपासून सायकलने दहा मिनिटांवर केबल चॅनलचं ऑफिस. चॅनलला पंचवीस वर्षं झाली, त्याचा इतिहास तयार करायचा आहे. जुन्या कॅसेट संगणकात उतरवायच्या आणि प्रत्येकीत काय आहे ते शुद्ध लिहायचं. मालक दुलीचंदजींनी माझं अक्षर पाहून घेतलं. दहावी नापास असल्याचं कोणाला सांगू नको म्हणाले.
मी का आलो, ते मी सांगितलं नाही. गावच्या तलावाची पाळ बांधताना चॅनलवाले आले होते. त्याच संध्याकाळी पाळ खचली, बाबा गेले. मी पोटात होतो. बाबांचा फोटो नाही.

९ जानेवारी
कॅमेरामन जागेश्वरभाऊ सांगत होते, बातमीच्या शेवटी गर्दीवरून कॅमेरा हळू फिरवायचाच. "बातमी कोन पायते गा? मानूस सोताले पायते."

१३ जानेवारी
सापडली. मार्च २००३. पाळीवर तेवीस माणसं. यातले बाबा कोणते, ते मला ओळखता आलं नाही.

१४ जानेवारी
दुपारी आईला आणलं. तिने लगेच बोट ठेवलं. डोक्यावर घमेलं, पाठमोरे. पुन्हा लाव म्हणाली. दुसऱ्या वेळी बाबा थोडे वळलेले दिसले. आधी माझं लक्ष नसेल.

१७ जानेवारी
आई रोज येते. बाबा आता समोर बघतात. कान माझ्यासारखे. आज मोजली तर माणसं चोवीस. एक बाई वाढली आहे, तोंडावर पदर. जागेश्वरभाऊंनी पाहिलं आणि कॅसेट जाळ म्हणाले.

२० जानेवारी
आई जेवत नाही. हात गार. डॉक्टरांना काही सापडत नाही. त्या बाईचा पदर सरकला — आईच. आजच्याच पातळात. तेव्हा तर ती माहेरी होती.
कॅसेट लपवली.

२१ जानेवारी
आई रडली नाही. एवढंच म्हणाली, "काऊन लपवली रे हिमांशु? एकवीस वर्सं तुह्यासाठीच रायली ना मी. आता एक डाव पाहू दे."
लावून दिली. मीच.
कॅसेट संपली तेव्हा आई खुर्चीतच होती, पण —

३ फेब्रुवारी
तेरवी झाली. कॅसेट जाळणार. त्याआधी एकदाच —
बाबांनी घमेलं खाली ठेवलंय. आई हसते आहे. इतकी हसताना मी तिला कधी —
दोघांच्या मधे जागा. एका माणसापुरती.
आई काहीतरी सांगते आहे. आवाज नाही. जरा जवळ गेलो तर —