उलट्या कडेनं झिजलेला चमचा

४ मार्च
हात बांधला! माझ्या पाच वर्षांच्या भिंगरीचा डावा हात भर जेवणात रुमालानं खुर्चीला बांधला. सासूबाईंचा हुकूम म्हणे. स्वतः मात्र वरच्या मजल्यावर. माझ्या लग्नापासून बघतेय, एकट्याच जेवतात – खोलीत, दार लावून, चांदीच्या चमच्यानं. आमच्या पंगतीला बसल्या तर घराण्याचं नाक खाली येईल ना!
पोरगी उजव्या हातानं सूप अंगावर सांडत राहिली. नवरा म्हणाला, "आईचा स्वभाव ठाऊक आहे ना तुला. दोन दिवस जाऊ दे." डोकं फिरलंय माझं.

५ मार्च
मी गाठ सोडली. सासूबाईंनी पुन्हा बांधायला लावली. "या घरात डावखुरं कुणी जन्मलं नाही." भिंगरी आता जेवायलाच नको म्हणते.

९ मार्च
चांदीचा संच संग्रहालयाला द्यायचाय. खापरपणजोबांच्या वेळचा, प्रत्येक दांड्यावर घराण्याचं चिन्ह. यादी करायला संग्रहालयाचा पारखी आला. बारा चमचे ओळीनं मांडून भिंग लावलं. उजव्या हातानं जेवणाऱ्याचा चमचा डाव्या कडेनं झिजतो म्हणे. अकरा तसेच. बारावा उलट्या कडेनं. "डावखुऱ्याचा हात. चाळीसेक वर्षं, रोज." मग वाढायची मोठी पळी उचलली. दांडा वाकलेला. "वाढून अशी वाकत नाही. कशावर तरी जोरात हाणलीय."
सासऱ्यांना विचारलं. ते पेपरात तोंड खुपसून बसले.

१० मार्च
स्वयंपाकाची बाई आली नाही. सासूबाईंचं ताट मीच वर नेलं, पाणी विसरले. परत गेले ती रागातच, दार न वाजवता ढकललं.
त्या जेवत होत्या. डाव्या हातानं! हातात तोच, उलट्या कडेनं झिजलेला चमचा.
"दार लाव," म्हणाल्या. मग हात पुढे केला. दोन बोटं वाकडी – आम्ही सगळे संधिवात समजायचो. लग्नानंतर चौथ्या दिवशी, टेबल पाहुण्यांनी भरलेलं, आणि त्यांच्या सासूनं त्या पळीनं बोटं मोडली. कुणी जागचं हललं नाही. सासरेसुद्धा. तेव्हापासून त्या खाली जेवल्या नाहीत. आणि मी सात वर्षं त्याला तोरा म्हणतेय.
"मग भिंगरीला का?"
"कुणी मोडण्यापेक्षा मी बांधलेला बरा."
लाज वाटली, राग तरी जाईना. भिंगरीचा हात बांधायचा रुमाल मागितला. त्यांनी उशीखालून आणखी दोन काढून दिले.

१२ मार्च
पारखी गाडी घेऊन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. त्याला अकराच चमचे मिळाले. बारावा भिंगरीच्या डाव्या हातात होता. तिच्या शेजारी सासूबाई – सगळ्यांसमोर, डाव्या हातानं, स्वयंपाकघरातल्या साध्या चमच्यानं जेवत होत्या. पारख्याला म्हणाल्या, "संग्रहालयात पळीखालच्या पाटीवर दांडा कसा वाकला ते लिहा. मी सांगते."
त्यानं तारीख विचारली. त्यांना पाठ होती.