येळवशीच्या आधी कॅमकॉर्डर

१४ नोव्हेंबर, गुरुवार
सोलापूरहून परत. आप्पांच्या घशातली गाठ काढावी लागणार. गाठीबरोबर आवाजाची पेटीही जाईल. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण बोलणं संपेल. आप्पांनी विचारलं, "येळवस झाल्यावर केलं तर चालंल का?" डॉक्टर कोकणातले. त्यांना समजावून सांगावं लागलं: मार्गशीर्ष अमावस्येला आमच्याकडे सगळं घर रानात जेवतं, कडब्याच्या कोपीत पांडव पुजतात, आणि घरचा कर्ता रानाच्या कडेने आंबील शिंपत हाळी देतो. ओलगे, ओलगे, सालम पोलगे. डॉक्टरांनी अर्थ विचारला. आमच्यापैकी कोणालाच सांगता आला नाही. मग आप्पांनी तिथंच हाळी देऊन दाखवली. नर्स धावत आत आली.
शुगर आटोक्यात आणायला तसाही वेळ लागणार आहे. ऑपरेशन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात.
एसटीत निर्णय घेतला. आप्पांचा आवाज जपायचा. हाळी तर हवीच, पण रोजचं बोलणंही. त्यासाठी कॅमकॉर्डर घ्यायचा. लहान, परवडणारा, रोज हाताशी राहील असा. येळवस तीस डिसेंबरला आहे. वेळ भरपूर आहे.

१५ नोव्हेंबर
घरी बायको आणि मुलीसमोर जाहीर केलं. शिवप्रिया म्हणाली, "बाबा, माझा मोबाईल आहे की. आजच गावी, सास्तूरला जाऊन शूट करू." ती बी.एस्सी.ला आहे. तिला सगळं लगेच हवं असतं. मी सांगितलं, ज्या यंत्रात लोकांच्या शुभ सकाळी येऊन पडतात त्यात आप्पांचा आवाज ठेवणार नाही. गंभीर कामाला वेगळं यंत्र लागतं. भुवनेश्वरीने विचारलं, वेगळं म्हणजे केवढ्याचं. मी म्हणालो, परवडणारं. तिने एक आकडा सांगितला. तो मी तात्पुरता समजतो.
आमच्याकडे माझ्या आजोबांचा एकही फोटो नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात घर बसलं, त्यात पेटी गेली. आप्पांच्या बाबतीत असं होऊ देणार नाही. हे घरात बोललो नाही. इथं लिहून ठेवतो.

१७ नोव्हेंबर
दिवसभर परीक्षणं पाहिली. झूम दोन प्रकारचा असतो, खरा आणि खोटा. आम्हाला खरा हवा. हात हलला तरी चित्र हलू नये, अशीही सोय असते. ती हवी. माझा हात हलत नाही, तरी असावी.

२१ नोव्हेंबर
तीन दिवस निवडणूक ड्युटी. कॅमेरा राहिला. याला आळस म्हणता येणार नाही. हे राष्ट्रीय काम होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार
प्रेमानंदच्या स्टुडिओत गेलो. धाराशिवची निम्मी लग्नं त्याने शूट केलेली आहेत. त्याला विचारलं, कोणता कॅमकॉर्डर घेऊ. तो म्हणाला, "सर, आता कॅमकॉर्डर कोन घेतंय? मोबाईलवर घ्या आन् शर्टाला एक बारका माईक लावा. झालं काम." मी म्हणालो, माझं काम लग्नाचं नाही. तो म्हणाला, "मग काय पिक्चर काढायलाव का?" नंतर मात्र नीट बोलला. म्हणाला, "कुठलाबी घ्या, पन आधी आठ दिवस हातात खेळवा. कोंबडी काढा, म्हैस काढा, मग मानूस काढा." त्याचा सल्ला धंद्यातला आहे. मला कलेच्या बाजूने विचार करावा लागतो.

३० नोव्हेंबर, शनिवार
आप्पा आणि आई, आमची अव्वा, तपासण्यांसाठी आले आहेत. सकाळपासून आप्पा स्वयंपाकघरात बसून बोलत होते. सास्तूरच्या जुन्या घरात कोणती खोली कुठं होती ते पिठाने फरशीवर काढून दाखवत होते. शिवप्रिया मोबाईल घेऊन बसली. मी तिला थांबवलं. आत्ता हे अर्धवट नोंदलं गेलं तर नंतर नीट नोंदताना ताजेपणा राहणार नाही. आप्पांनाही म्हणालो की हे सगळं कॅमेरा आल्यावर परत सांगा. ते म्हणाले, "बरं, मग तवा सांगतो." आणि बोलायचे थांबले. भुवनेश्वरीने फरशी पुसली.
दुपारी बाहेरच्या खोलीत बसून चार मॉडेलांची तुलना पूर्ण केली. आतून हसण्याचा आवाज येत होता. दार लावून घ्यावं लागलं.

८ डिसेंबर, रविवार
चारांतून तीन बाद. उरलेल्याला बाहेरचा माईक जोडता येत नाही. म्हणून तोही बाद. नव्याने सुरुवात. हे मागे जाणं नाही. आता काय नको ते नक्की कळलं आहे.

१५ डिसेंबर
एक ऑर्डर केला. दुपारी त्याच्याबद्दल एक वाईट मत वाचलं. तमिळनाडूतला कोणी गृहस्थ. त्याच्या मुलाच्या मुंजीत बॅटरी संपली होती. ऑर्डर रद्द केली. शिवप्रिया म्हणाली, "बाबा, येळवस पुढं ढकलता येत नाही हं." तिचा स्वर मला आवडला नाही. तारखेची मला कल्पना आहे. वर्गात भूगोल मी शिकवतो, अमावास्या कशामुळे होते ते मला विचारावं.

१९ डिसेंबर
आप्पांचा फोन. आवाज आणखी घोगरा झाला आहे. "कॅमेरा आला का रं?" म्हणाले. मी म्हणालो, येतोय. ते म्हणाले, "येऊ दे निवांत. मी हाय की अजून." फोनवरच्या आवाजात खरखर होती. अशा प्रसंगी माईक किती महत्त्वाचा आहे, हे पुन्हा पटलं.

२२ डिसेंबर
ऑर्डर केला. तळहातात मावेल एवढा. झूम खरा. माईकला जागा आहे. भुवनेश्वरीच्या आकड्याच्या थोडासा वर. तिला रंग सांगितला. किंमत तिने विचारली नाही, म्हणजे तिला मान्य असावी.

२७ डिसेंबर, शुक्रवार
कॅमेरा आला. फार सुंदर वस्तू आहे. टेबलावर ठेवून बराच वेळ पाहिला. भुवनेश्वरीने खोक्यावरची किंमत वाचली. संध्याकाळी माझ्याशी बोलली नाही. ती शांतता नोंदवायला आता साधन आहे, असं म्हणणार होतो. म्हणालो नाही.

२९ डिसेंबर, रविवार
सूचनापुस्तिका वाचली. मराठी नाही. इंग्रजी आहे, पण कोणीतरी नुकतीच शिकलेली इंग्रजी. बाथटबमध्ये वापरू नये, हे पान सविस्तर आहे. शिवप्रिया म्हणाली, एकदा चालवून बघा. बटण एकच आहे. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. यात सरावासारखं काही नाही. शिवाय पहिलं चित्र आप्पांचंच असावं, अशी इच्छा आहे. म्हैस नको.
संध्याकाळी सास्तूरला पोचलो. अव्वा आणि माझी भावजय येळवशीच्या मिसळीच्या भाजीसाठी, भज्जीसाठी, शेंगा सोलत होत्या. धाकटा भाऊ कृष्णराज कोपीसाठी कडबा रानात टाकून आला होता. त्याने कॅमेरा हातात घेऊन वजन बघितलं. "एवढुसाच?" म्हणाला. एवढुसाच कॅमेरा शोधायला सहा आठवडे लागतात, हे त्याला कळणार नाही.
आप्पांना विचारलं, हाळी दोनदा देता येईल का, म्हणजे एक चुकली तर. ते म्हणाले, "एकदा शिंपलेलं रान परत शिंपत न्हाईत, महारुद्रा." मग एकदाच.

३० डिसेंबर, सोमवार. येळवस
थोडक्यात लिहितो, थकलो आहे. पूर्ण यश.
सकाळी माझ्या विनंतीवरून सगळ्यांनी मोबाईल घरी ठेवले. चित्रात कोणी मोबाईल धरून उभं असलं की प्रसंग हलका होतो. शिवप्रियाने वाद घातला. शेवटी ठेवला.
कोपीची पूजा झाली. कॅमेरा गळ्यात होता. उन्हामुळे स्क्रीनवर माझाच चेहरा दिसत होता, पण बटण अंगठ्याखाली होतं. प्रत्येक महत्त्वाच्या वेळी दाबलं. प्रसंग संपला की परत दाबलं. बॅटरी वाया जाऊ दिली नाही.
मग आप्पा आंबिलीचं मडकं घेऊन निघाले. पुढे कृष्णराज, मागे आप्पा, त्यांच्यापुढे उलटा चालत मी. ज्वारी छातीएवढी. दोनदा पडलो, पण कॅमेरा वर धरला होता. आप्पांनी हाळी दिली. एवढ्या गाठीसकट आवाज ओढ्यापलीकडे गेला. तिकडच्या रानातून कोणीतरी ओ दिली. माझ्या अंगावर काटा आला. तरी हात हलला नाही.
रानाचे चारही कोपरे झाले. बटण दाबून बंद केलं. आप्पा म्हणाले, "घावलं का?" मी म्हणालो, सगळं. ते हसले.
जेवताना कॅमेरा कोपीजवळच्या घोंगडीवर ठेवला. जेवणात नोंदण्यासारखं काही नव्हतं. माझं लवकर झालं. कृष्णराजबरोबर विहिरीकडे जाऊन आलो. बाकी बायका खिरीच्या भांड्यांकडे होत्या. आप्पा आणि अव्वा दोघंच घोंगडीवर जेवत बसले होते, आम्ही येईपर्यंत.

३१ डिसेंबर
शिवप्रिया सकाळपासून मागे लागली आहे, दाखवा. नाही म्हणालो. चित्रण लगेच पाहू नये. हाळी अजून कानात आहे. आत्ता पाहिलं तर खरी आणि चित्रातली यांची गल्लत होईल. मध्ये अंतर पडलं पाहिजे. संक्रांतीला सगळ्यांना एकदमच दाखवीन, सास्तूरच्या टीव्हीवर.

२ जानेवारी, गुरुवार
सोलापूर. उद्या ऑपरेशन. संध्याकाळी आप्पा खाटेवर बसून सगळ्यांशी बोलत होते. अव्वाला म्हणाले, "उद्यापास्नं तुला मोकळं रान. बोल किती बोलायचं ते." अव्वा म्हणाली, "आजवर काय तुमी बोलू दिलं न्हाय व्हय?" शिवप्रियाने हळूच मोबाईल वर केला. मी तिला बाहेर नेलं. म्हणालो, दवाखान्याच्या कपड्यांतले आप्पा कशाला? आपल्याकडे रानातले आहेत, पूर्ण आवाजातले. तिने मोबाईल पर्समध्ये ठेवला. समजूतदार आहे.

३ जानेवारी
ऑपरेशन झालं. सगळं ठीक. आप्पा झोपेत आहेत. गळ्याला नळी.

५ जानेवारी
आप्पा जागे. काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांच्या ते आधी लक्षात आलं नाही, आम्हाला आलं. मग त्यांच्याही. उजव्या हाताने, काही नाही, अशी खूण केली.
मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, काळजी करू नका, माझ्याकडे आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१२ जानेवारी, रविवार
आप्पा कालच सास्तूरला घरी आले. परवाच्या कार्यक्रमासाठी दोन मिनिटांची प्रस्तावना तयार केली. आवाज म्हणजे काय, माणूस गेला तरी काय उरतं, वगैरे. प्रेमानंदकडून टीव्हीला जोडायची वायर आणली. तो म्हणाला, "एकदा बघून ठेवलं न्हाय का सर, काय आलंय ते?" मी म्हणालो, मला माहीत आहे काय आलंय. मी तिथं होतो.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
संध्याकाळ. सास्तूर. सगळे टीव्हीसमोर. आप्पा खुर्चीवर, गळ्याला पांढरं फडकं. प्रस्तावना केली. कृष्णराज म्हणाला, "लाव की लवकर, दादा."
लावलं.
ज्वारीचे बुडखे. माझा श्वास. ढेकळं, उलटी. चित्र बंद. पुन्हा माझे गुडघे, मग आकाश. बंद. पुन्हा ढेकळं. कोपी नाही. पूजा नाही. हाळी कुठंच नाही. सुरुवातीला गळ्यात अडकवतानाच बटण एकदा दाबलं गेलं असावं. त्यानंतर मी सुरू करत होतो तेव्हा ते बंद होत होतं, आणि बंद करत होतो तेव्हा सुरू. दिवसभर. भुवनेश्वरीने रिमोट शोधायला सुरुवात केली.
मग चपला आल्या. घोंगडीच्या कडेला काढून ठेवलेल्या. चित्र स्थिर. त्याच्यामागून अव्वाचा आवाज.
"आजून एक उंडा घ्या. घशाला लागतंय का?"
मग आप्पांचा. स्पष्ट, अगदी जवळून.
"लागू दे." चावण्याचा आवाज. "हे बघ, ह्याच्या फुडचा लाल दिवा आता लागलाय. मगाशी रान शिंपताना इझला हुता. पूजेच्या टायमालाबी इझलेलाच."
"म्हंजी कायबी आलं न्हाय त्याच्यात?"
"न्हाय आलं."
"आवो, मग सांगा की त्याला!"
"कशाला? किती खुश हाय बघ ते. ल्हानपनी पळायचं तसं फुडं फुडं पळतंय, पडतंय, परत उठतंय."
"आन् तुमची हाळी?"
"हाळी रानाला द्यायची आस्ती. रानानं ऐकली की. तू आंबील वाढ."
मी अव्वाकडे पाहिलं. ती तिळगुळाच्या ताटाकडे बघत होती. शिवप्रिया ओढणीने डोळे पुसत होती, की हसत होती, ते कळलं नाही. चपला तशाच होत्या. आप्पा आंबिलीत मीठ कमी पडल्याचं सांगत होते, मग कृष्णराजच्या हरभऱ्याचं, मग परत मिठाचं.
मी बंद करायला उठलो. आप्पांनी माझा हात धरला. टीव्हीकडे बोट केलं आणि हाताने खूण केली. आवाज वाढव.