शेवटचा रकाना

नवीन जालना,
रविवार, ९ फेब्रुवारी २००३

सौ. जयवंताक्कास,
बेबीनंदाचा नमस्कार वि. वि.

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. तुझ्या बाळाची नोंद आमच्या कॉम्प्युटरमध्ये बराबर झाली आहे, असं मी लिहिलं होतं. तसं नाही. नोंद आहे, पण त्यात बाळ वारलेलं नाही. 'स्थलांतर' असं आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबी ते जिवंत आहे आणि दुसऱ्या गावी राहायला गेलं आहे. मी न पाहताच तुला लिहिलं, तुला बरं वाटावं म्हणून.

आमचं काम पुन्हा सांगते. आठ आरोग्य केंद्रांतल्या नर्सबाईंच्या वह्या आमच्या कार्यालयात येतात आणि आम्ही त्या कॉम्प्युटरवर चढवतो. मशिनं फिनलंडनं दिली. आतला प्रोग्रॅम श्रीलंकेच्या लोकांनी बसवून दिला, त्यांच्याकडे तो आधीपासून चालतो. कोणत्या गावात किती बाळं जन्मली, किती दगावली, ते एका पानावर दिसतं. लस कुठे किती पाठवायची, ते त्या पानावरून ठरतं.

तुमच्या सोनवळच्या वहीत तुझ्या नावापुढे, शेवटच्या रकान्यात, नंदाबाई नर्सनी 'परत गेले' लिहिलं आहे. आमच्याकडे नावं माझ्या शेजारी बसणारा संपत टाकतो, शेवटचा रकाना मी. दिवसाला अडीचशे ओळी होतात. बाळंतीण माहेरहून सासरी परत गेली, असं समजून मी प्रत्येक ठिकाणी 'स्थलांतर' निवडत गेले. तुझ्या ओळीलाही मीच निवडलं, नाव न वाचता.

हे परवा कळलं. रडू आलं नाही. डबा खाल्ला आणि उरलेल्या ओळी टाकल्या.

नंदाबाईंनी असं का लिहिलं, ते ठाऊक असेल तर कळव. सहावा महिना लागला, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस का, तेही कळव. दाजींना नमस्कार. राग आला तरी पत्र पाठव.

तुझी,
बेबीनंदा


सोनवळ, ता. घनसावंगी,
१८ फेब्रुवारी

चि. बेबीस,
अक्काचा आशीर्वाद. इकडं सगळे बरे हाईत.

तू मला चुलीपुढं बसवून अक्षरं शिकवली, आन् तुलाच साधा शब्द कळंना. हे म्हणतेत, मेव्हणीला परत पाटी घेऊन द्या.

इकडं बारशाच्या आत गेलेल्या लेकराला मेलं म्हणत न्हाईत. परत गेलं म्हणतेत. नाव ठेवलं न्हाई तवर ते आपलं झालं न्हाई. आलं तसं परत गेलं. मेलं म्हणलं तर पुढचं टिकत न्हाई, असं आत्याबाईच्या मनात हाय. आपल्या अंबडकडं असं न्हाई, म्हणून तुला म्हाईत न्हाई. नंदाबाई वही घेऊन आल्ती, तवा आत्याबाईनं उंबऱ्यातूनच सांगितलं. तिनं आईकलं तसं लिवलं. तिचं काही चुकलं न्हाई.

आन् माझं एकटीचं न्हाई. सव्या-सातव्या दिवशी तोंड आखडतं, दूध वढत न्हाई. तातेरावच्या सुनेचं तसंच झालं, पुष्पाबाईच्या लेकीचं बी.

इंजेक्शन न्हाई घेतलं. नंदाबाई दिवाळीपासून आली न्हाई. आल्ती तवा म्हणली, कागदावर सोनवळात एक बी लेकरू दगावलं न्हाई, म्हणून हितली फेरी कमी केली. लस दुसरीकडं धाडून राह्यले. मी तीर्थपुरीच्या दवाखान्यात जाईन म्हणलं, तर आत्याबाई गाडीत बसू देत न्हाईत. मागच्या खेपेला मी बसनं अंबडला गेल्ते, त्यानंच झालं म्हणतेत. मी वाद घातला न्हाई. बोलायचं मन होत न्हाई आताशा.

तू येळेवर जेवत जा. चूक झाली म्हणून उपाशी बसशील, तुझी खोड मला ठाऊक हाय.

तुझी,
अक्का


नवीन जालना,
२४ फेब्रुवारी

सौ. अक्कास नमस्कार वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भुजंगराव सरांना दाखवलं. ते आमचे प्रमुख. रागावले नाहीत, मला बसायला सांगितलं. म्हणाले, वर्षाचा अहवाल छापून झाला आहे. फिनलंडच्या बाई आणि श्रीलंकेचे साहेब पुढच्या महिन्यात येणार, आणि शून्य मृत्यूचं सोनवळचं पान बघायलाच येणार. त्यावर पुढच्या तीन वर्षांचे पैसे मंजूर व्हायचे आहेत. एप्रिलनंतर गुपचूप बदलून टाकू, असं म्हणाले. संपतनं पाहुण्यांसाठी नवा सदरा शिवला आहे. त्याचं म्हणणं, निदान त्याचा फोटो निघेपर्यंत मी तोंड उघडू नये.

पण लसीच्या फेऱ्या दर तीन महिन्यांनी ठरतात, पुढच्या मार्चअखेरच्या आकड्यांवरून. एप्रिलनंतर बदललं तर सोनवळची पाळी जुलैत. तू लिहिलेलं तोंड आखडणं हा धनुर्वातच, तुला जूनचे दिवस आहेत, आणि इंजेक्शनं महिन्याच्या अंतरानं दोन लागतात.

माझी नेमणूक ३१ मार्चपर्यंतची आहे. दादा अजून बाजारात भेटेल त्याला सांगतात, की पोरगी हापिसात आहे.

सोनवळच्या वहीत वर्षभरात 'परत गेले' नऊ ठिकाणी आहे. कोण सासरी गेली आणि कुणाचं बाळ गेलं, ते मला इथून कळत नाही. अंदाजानं मी आता काही लिहिणार नाही. नऊही नावं मागच्या बाजूला उतरवली आहेत. तुला जमेल तर विचार. कुणाला दुखेल असं वाटलं तर नको विचारूस, मी समजेन.

तब्येतीला जप, आणि माझ्या चिंतेला हसत जा.

तुझी,
बेबीनंदा


सोनवळ,
५ मार्च

चि. बेबीस आशीर्वाद.

माझं सोडून आठ घरं केली. विरजण मागायचं निमित्त केलं. आता घरात इतकं विरजण झालंय की हे म्हणतेत, डेअरी काढू. चौघी खरंच सासरी गेल्यात. माझं धरून पाच लेकरं. त्यांच्या आयांच्या नावापुढं मी फुली केली, कागद सोबत हाय.

कुणी रडलं न्हाई. पुष्पाबाईच्या लेकीनं एवढंच इच्चारलं, की ते मशीन हे मोठ्यानं वाचतं का. न्हाई म्हणलं, तर मंग लिवा म्हणली.

आत्याबाईला कळलं. दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणल्या, परत गेलं हे खोडू नका, त्याच्या बाजूला काय लिवायचं ते लिवा.

दादाला काय सांगायचं ते मी बघते. पाचांत पयली वळ माझी लिव.

तुझी,
अक्का


नवीन जालना,
मंगळवार, ११ मार्च

सौ. अक्कास नमस्कार वि. वि.

कागद मिळाला. पाच फुल्या वहीशी ताडून पाहिल्या, तारखा जुळतात.

काय करणार आहे, ते सरांना आधीच सांगितलं. त्यांच्या पाठीमागं करायचं नव्हतं. पाहुण्यांना प्रत्यक्ष काम बघायचं आहे, म्हणून मशिनवर मी बसायचं ठरलं होतं. सर म्हणाले, मग संपत बसेल. संपत म्हणाला, त्याला शेवटचा रकाना येत नाही. त्याला येतो. सर डबा घेऊन जेवायला गेले. नाही म्हणाले नाहीत.

मी सोनवळचं पान उघडीन, वही शेजारी ठेवीन आणि पाहुण्यांसमोर पाच ओळी बदलीन, पहिली तुझी. 'स्थलांतर'च्या जागी 'मृत्यू' येईल. शेऱ्याच्या जागेत 'परत गेले' तसंच राहील, आत्याबाईंना सांग. फेरी एप्रिलपासूनच हवी, असा अर्जही त्यांच्याच हाती देईन. इंग्रजीतली चार वाक्यं पाठ केली आहेत. बाकीच्या सात वह्यांतही हा शब्द असेल, तेही सांगीन.

भीती वाटायला हवी, पण वाटत नाही.

दाजींना आणि आत्याबाईंना नमस्कार. माझ्यावर आज जेवढा जीव आहे, तेवढाच त्या दिवसानंतरही असू दे. पाहुणे सकाळी अकराला येतील, सोमवारी, १७ मार्चला.

तुझी,
बेबीनंदा