मुलाचा हिस्सा गोठवण्याबाबत

मी खाली सही करणारी, सरकारी रुग्णालयाच्या धुलाई विभागातून निवृत्त झालेली बाई, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, पण डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मुलाने शंका काढू नये म्हणून मुद्दाम.

१. शिलाई मशीन आमच्या विभागातल्या इस्त्रीवालीला द्यावी. गणवेशाचा भत्ता बंद झाल्यावर अख्ख्या विभागाचे कपडे आम्ही दोघींनी त्या मशीनवरच सांधले. मुकादमाला काही नाही. का, ते त्याला ठाऊक आहे.

२. दोन खोल्यांचं हे घर माझ्या स्वतःच्या कमाईचं आहे. निम्मं मुलीचं, निम्मं मुलाचं. मी चालवायचे त्याच इस्त्रीच्या वाफाळत्या रोलरवर मुलगी आता वॉर्डांच्या चादरी काढते आणि इथेच राहते. मुलगा अर्थखात्यात साहेब आहे. माझ्या जादा पाळ्यांवर शिकला, मेला! अभिमान वाटतो, तो वाटतोच.

३. खालच्या कामगारांची पगारवाढ गोठवणारं परिपत्रक वर्षामागून वर्ष त्याच्याच टेबलावरून निघालं. बहिणीने जेवताना विचारलं, "दादा, आमचं काय रे?" तर म्हणतो कसा, "थोडी कळ काढा. परिस्थिती सुधारली की बघू." तिने त्याला आणखी भाजी वाढली. मी मात्र ते विसरले नाही.

४. आता त्याला घर विकायचं आहे. विकलं तर मुलगी जाईल कुठे? तिच्या पगारात कोणी खोली देईना. म्हणून मुलाचा हिस्सा मी या लेखाने गोठवते. हिस्सा गोठलेला आहे तोवर घर विकायचं नाही, बहिणीकडे भाडं मागायचं नाही. थोडी कळ काढ, बाळा.

५. पण मी काही सरकार नाही, कधीपर्यंत तेही सांगते. ऐन उन्हाळ्यात त्याने बहिणीशेजारी रोलरवर एक पूर्ण पाळी करावी. वाफेने हात भाजतात, ते भाजू द्यावेत. चादर आधी झटकावी, घडीत इंजेक्शनची सुई राहिलेली असते. पाळी भरली की हिस्सा त्याचा. मग तो विकायचं नाव काढणार नाही. पोटचं पोर आहे, मी ओळखते त्याला.

मुलगी हळवी आहे. अर्ध्या पाळीतच म्हणेल, "जा दादा, बस झालं." म्हणू नकोस गं, बाई.

साक्षीदार :
शेजारच्या शिक्षिका (सही)
रुग्णालयाचे निवृत्त पहारेकरी (सही, "वाचून केली. माझाही मुलगा साहेब आहे.")

लिहून देणार : चादरीवाली आई (सही)
ठिकाण : ओट्याशेजारची खाट
दिनांक : एक तारीख. मुलीचा पगार अजून झालेला नाही.