साडी झेलताना

बाबा,

इतवारी बाजारातल्या त्या साडीच्या दुकानात तुम्ही उभं आयुष्य काढलंत. पांढऱ्या गादीवर मांडी घालून गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या, ती उठून गेली की पुन्हा घड्या घालायच्या. मी बारावीत होते तेव्हा तुमचे केस कधीच काळ्याचे पांढरे झाले होते आणि शेठचा मुलगा नुकता गल्ल्यावर बसू लागला होता. पुण्याला सिनेमाचा कॅमेरा शिकवतात आणि साऱ्या देशातून मोजकीच मुलं घेतात, हे मला महाल भागातल्या फोटो स्टुडिओच्या काकांनी सांगितलं. शाळा सुटली की मी त्यांच्याकडे प्रिंट धुवायला जायची, त्यामुळे त्यांनी कॅमेराही दिला. मुलाखतीला जाताना एका माणसाचा कामाचा दिवस फोटोंतून दाखवायचा होता. कोणाचा दाखवू, म्हणून मी घरभर फिरत होते, तर आई भाकरी थापता थापता म्हणाली, "तुह्या बाबाचेच काढ नं. अनोळखी माणसाच्या मागं कुठं फिरतं वं?"

तुम्ही इस्त्रीचा सदरा घातलात. दुकानात मी कोपऱ्यात उभी आहे आणि तुम्ही एरवीपेक्षा ताठ बसला आहात, साडीचा पदर खांद्यावर टाकून दाखवताना माझ्याकडे चोरून बघता आहात. सगळे फोटो लग्नातल्यासारखे येणार, हे मला कळत होतं. दुपारी एक गिऱ्हाईक काही न घेता उठलं आणि शेठचा मुलगा गल्ल्यावरून उतरला. तुम्ही घडी घालून ठेवलेली साडी त्यानं उचलली, "ये घडी है क्या?" म्हणाला आणि ती तुमच्या तोंडावर फेकली. साडी हवेत सुटली, पसरली. तुमचे दोन्ही हात वर गेले, तोंड उघडं पडलं. माझ्या बोटानं कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. तुम्ही ती साडी झेललीत, मांडीवर घेतलीत आणि पुन्हा घडी घालायला लागलात. माझ्याकडे नंतर दिवसभर बघितलं नाहीत.

घरी येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता. मान न वळवता विचारलंत, "फोटो आला का वं?"

"कोणता?"

"तोच."

आला होता. प्रिंट पाण्यातून वर काढताना स्टुडिओवाले काका म्हणाले, "बाकी नाही नेले तरी चालते, हा ने." त्यांना काय घडलं ते माहीत नव्हतं. माहीत नसेल त्याला तो फोटो आनंदाचाच वाटे. जणू एखादा माणूस उडती साडी धरायला लहान मुलासारखा धावला आहे. आईला मात्र बघताक्षणी कळलं. तिनं तो पालथा ठेवला. "हा नाही जायचा." तुम्ही सुलटा केलात, चष्मा पुसून पाहिलात. "जाऊ दे. तिचं काम होऊन राहिलं नं त्यानं? मले काय होते?"

पुण्याला तुम्ही सोबत आलात. आत मुलाखतीत त्या फोटोवरच सगळे थांबले. एका बाईंनी विचारलं, "सण आहे का दुकानात?" मी म्हणाले, "हे माझे वडील आहेत. कामावर आहेत." एवढंच. त्या बाई माझ्यासोबत उठून बाहेर आल्या. व्हरांड्यात तुम्ही डबा मांडीवर घेऊन बसला होता.

"तुम्हीच ना ते? काय सुंदर हात वर गेलेत हो तुमचे!"

"हो जी, मीच," म्हणत तुम्ही उठलात. डबा बाकावर ठेवलात. बाईंनी काहीच मागितलं नव्हतं, बाबा. पण तुम्हाला वाटलं असेल, परीक्षा अजून संपलेली नाही. "असे," म्हणालात, आणि तिथे, मुलाखतीला आलेल्या त्या सगळ्या मुलांसमोर, दोन्ही हात वर केलेत आणि तोंड तसंच उघडलंत. कोणीतरी हसलं. "नाही जमलं बरोबर," म्हणून तुम्ही पुन्हा केलंत. मला वाटलं, फरशी फाटावी.

परतीच्या गाडीत तुम्ही एवढंच विचारलंत, "माह्यामुळं काही बिघडलं तर नाही नं?" मी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

माझी निवड झाली. शेठच्या मुलानं पेढे वाटले, हौसेनं तो फोटो मागून घेतला आणि मोठा करून दुकानात लावला. गिऱ्हाइकं कौतुक करायची. साडी कोणी फेकली होती, हे त्याला आठवतही नव्हतं. नोकरी सुटेपर्यंत तुम्ही त्याच फोटोखाली बसून घड्या घालत राहिलात. सुट्टीत मी यायची, पण दुकानात पाऊल टाकायची नाही. आता मुलाखती घेणाऱ्यांच्या खुर्चीत मी बसते, आणि बाहेर कोणाचे वडील बसलेत हे बघायला कधी उठत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता येतंय. व्हरांड्यात मी लाजेनं मान खाली घातली असं तुम्हाला वाटलं असेल. आईलाही मी तसंच सांगितलं होतं. मान खाली नव्हती, बाबा. तुमच्या हातांवर बाजूनं ऊन पडलं होतं. तुम्ही दुसऱ्यांदा हात वर केलेत, तेव्हा मनात आलं होतं, फोटोसाठी तुम्ही थोडं डावीकडे सरकायला हवं होतं.